साठ तासांची अट काढा: मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि शिष्यवृत्ती समिती,
आपले मराठी मंडळ, मध्य न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या गेल्या ई-पत्रात नव्या शिष्यवृत्तीची घोषणा वाचली आणि आधी आनंदच झाला. आपल्या गुणगौरव समारंभात आजवर कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, नाव घेतलेलं मला आठवत नाही. सत्कार व्हायचे ते प्रिन्स्टनला, कॉर्नेलला, फार तर रटगर्सला लागलेल्यांचे. कम्युनिटी कॉलेजात जाणाऱ्या मुलाची आई ‘सध्या इथे जवळच जातोय’ एवढं पुटपुटून बटाटेवड्याच्या रांगेत पुढे सरकायची. अशा मुलांसाठी, आणि तेही फक्त मराठी नव्हे तर जिल्ह्यातल्या कुणाही गरजू विद्यार्थ्यासाठी, वर्षाला हजार डॉलरच्या दहा शिष्यवृत्त्या ठेवाव्यात असं आपल्याला सुचलं. त्याबद्दल मनापासून अभिनंदन.

मग पाचवी अट वाचली. ‘लाभार्थी विद्यार्थ्याने वर्षभरात किमान ६० तास सर्व्हिस लर्निंग करणे बंधनकारक राहील. मंडळाच्या कार्यक्रमांतील मदत यात धरली जाईल. तास पूर्ण न झाल्यास रक्कम परत करावी लागेल.’

(सर्व्हिस लर्निंग म्हणजे अभ्यासाला जोडलेली समाजसेवा. त्याबद्दल पुढे बोलतेच.) ही अट काढा, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. आधी समितीतल्या दोघांशी फोनवर बोलले होते. दोघंही म्हणाले, ‘ताई, तुमचं पटतं, पण देणगीदारांना काहीतरी अट हवी आहे.’ देणगीदार कुणी परके नाहीत, आपल्यातलेच आहेत. म्हटलं, मग सगळ्यांसमोरच बोलू.

मी गेली चौदा वर्षं इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकवते. त्यामुळे सवयीने आधी हिशेब मांडला. न्यू जर्सीत २०२५ साली किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होतं. साठ तासांचे झाले ९२९ डॉलर ४० सेंट. हजारातून वजा केले की उरतात ७० डॉलर ६० सेंट. आपली शिष्यवृत्ती खरी तेवढी. बाकी मजुरी, आणि तीही किमान दराने. माझ्या एका विषयाचं ऑनलाइन पुस्तक उघडायचा ॲक्सेस कोडसुद्धा त्या सत्तर डॉलरांत येत नाही.

मजुरी हा शब्द मी रागाने वापरत नाही. इथल्या आयकर कायद्याचं कलम ११७ शिष्यवृत्तीला करमाफी देतं, पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की शिष्यवृत्ती मिळण्याची अट म्हणून जी सेवा द्यावी लागते, तिच्या मोबदल्याचा भाग करपात्र. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, ९७० क्रमांकाच्या पुस्तिकेत हे सोप्या भाषेत दिलंय. फूड बँकेत किंवा वाचनालयात केलेल्या कामाबद्दल कदाचित कुणी हरकत घेणार नाही. पण ‘मंडळाच्या कार्यक्रमांतील मदत’? पैसे देणारे आपण आणि काम करून घेणारेही आपण! गणपतीत पंगतीला वाढायला हात कमी पडतात हे मला ठाऊक आहे, पंधरा वर्षं मीही तिथे मसालेभात वाढलाय. म्हणून ती गरज शिष्यवृत्तीच्या गळ्यात बांधायची नाही. मी वकील नाही, पण तुमच्या जागी असते तर ई-पत्र पाठवण्याआधी एका वकिलाला नक्की विचारलं असतं.

त्यातून आपल्याच घरांतली एच-४ व्हिसावरची, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेली, मुलं घ्या. लहानपणी आईबापांबरोबर आली, इथेच वाढली, ग्रीन कार्डाची रांग काही हलली नाही. त्यांना पगारी काम करता येत नाही आणि गरजू विद्यार्थ्यांसाठीची सरकारी पेल ग्रँटही मिळत नाही. एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ सुटतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या मागे धावावं लागतं. बाहेरची एखादी शिष्यवृत्ती हाच ज्यांना आधार, त्यांच्या हातात आपण ‘पैसे घ्या आणि काम करा’ असा लेखी कागद देणार. तो कागद उद्या कुणी कसा वाचेल याची धास्ती त्या पोराने का घ्यायची?

हे झालं कायद्याचं. अट बेकायदा आहे असं मात्र मी म्हणत नाही. सक्तीची समाजसेवा या देशात नवी नाही. मेरीलँडमध्ये शाळा पूर्ण करायला ७५ तास सर्व्हिस लर्निंग लागतं. शेजारी पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमच्या शाळांनी ६० तासांची अट घातली, तेव्हा ही वेठबिगारी आहे असं म्हणत पालक कोर्टात गेले आणि १९९३ मध्ये हरले. पण तिथले साठ तास हायस्कूलच्या चार वर्षांत मिळून होते, आणि ते श्रीमंत-गरीब सगळ्या मुलांना होते. आपले साठ एका वर्षात, आणि फक्त ज्याला पैशांची गरज आहे त्याला.

माझं सगळं म्हणणं या ‘फक्त’वर आहे.

त्याच ई-पत्रात चौथ्या पानावर मंडळाच्या गुणवत्ता पुरस्काराची जाहिरात आहे. पंधराशे डॉलर, उत्तम गुण आणि एक निबंध. तासांची अट नाही. म्हणजे आईबाप दोघंही आयटीत असलेली, पगारी समर इंटर्नशिप करणारी मुलगी पंधराशे घेऊन जाणार आणि समाजाचं तिच्याकडे काहीच येणं नाही. आणि टर्नपाइक महामार्गाच्या ८ए एक्झिटजवळच्या वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करणारा हजार घेणार आणि साठ तास फेडणार. सेवेचा संस्कार इतका मोलाचा असेल तर तो आधी आपल्या मुलांना का नको? समितीने मुद्दाम असं केलं असं मला मुळीच वाटत नाही. कुणाच्या डोक्यात आलंच नाही, एवढंच. आणि मला जास्त खटकतं ते हेच.

अटीच्या वर समितीने कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतलंय. ‘कमवा आणि शिका’ची परंपरा वगैरे. इथे मला जरा थांबलंच पाहिजे, कारण माझे वडील कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकले. साठच्या दशकात, साताऱ्यात, वसतिगृहात राहून. सकाळी बागेला पाणी, सुट्टीच्या दिवशी लाकडं फोडणं, पाळी आली की दोनशे भाकऱ्यांच्या पिठाला हात घालणं. ते सांगायचे ती गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की पुढे पुढे कंटाळा यायचा. पण त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट पक्की असायची: ते काम उपकाराची फेड नव्हतं. ‘आमच्या ताटातली भाकरी आम्ही कमवत होतो, कुणाला आभार मानायला जायचं नव्हतं,’ असं ते म्हणायचे आणि पाठ ताठ करायचे. स्वावलंबन याचा त्यांच्यापुरता अर्थ तोच. काम केलं की त्याचे पैसे विद्यार्थ्याच्या नावावर पडायचे.

कमवा आणि शिकाला अमेरिकेतला भाऊ शोधायचाच असेल तर तो फेडरल वर्क-स्टडी. कॉलेजातच किंवा बाहेरच्या संस्थेत काम, तासाचा पगार, आणि त्या निधीतला निदान ७ टक्के भाग समाजोपयोगी कामांच्या पगारावर खर्च करण्याचं कॉलेजांवर बंधन. यात सेवा आहे आणि मजुरीही आहे. आपल्या पाचव्या अटीत यातलं काय आहे? आणि रयतचंच नाव घ्यायचं तर कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण काढू. बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्या माउलीने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. बदल्यात पोरांकडून किती तास मागितले होते?

आता सर्व्हिस लर्निंगबद्दल, कारण हा शब्द अटीत वापरलाय खरा, पण अर्थ घेतलाय ‘फुकट काम’ असा. हा शब्द १९६० च्या दशकात टेनेसीत, ओक रिजमधल्या विद्यापीठांच्या एका प्रकल्पातून पुढे आला. कल्पना अशी की विद्यार्थी वर्गात जे शिकतोय तेच बाहेर कुणाच्या तरी खऱ्या अडचणीला लावायचं, आणि परत येऊन त्यावर बसून विचार करायचा, लिहायचं, शिक्षकाशी बोलायचं. यातलं काहीही गाळलं की ते सर्व्हिस लर्निंग राहत नाही. नर्सिंगच्या मुलाने रक्तदाब तपासणी शिबिरात बसणं हे सर्व्हिस लर्निंग. त्याच मुलाने उद्यानातला कचरा उचलणं हे चांगलं काम आहे, पण त्याने नर्सिंग येत नाही.

माझ्या वर्गात हे कसं चालतं ते सांगते. आयआरएसचा व्हिटा नावाचा कार्यक्रम आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात. माझ्या टॅक्सच्या वर्गातली मुलं डिसेंबर-जानेवारीत आयआरएसची परीक्षा देतात. ओपन बुक असते, पण ८० टक्के मिळाल्याशिवाय रिटर्नला हात लावता येत नाही. आधी गिऱ्हाइकाबरोबर बसून १३६१४-सी हा प्रश्नांचा फॉर्म भरायचा, मग रिटर्न, मग दुसऱ्या कुणीतरी ते तपासायचं. तिसरी पायरी झाल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत माझा एक विद्यार्थी तिथे बसला होता. वय एकोणीस, आठवड्याचे पाच दिवस गॅस स्टेशनवर काम. (न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला बंदी आहे, त्यामुळे या कामाला इथे कधी तोटा नाही.) त्याच्यासमोर पर्थ अँबॉयमधून आलेली, लोकांची घरं साफ करणारी एक बाई. हातात १०९९-एनईसी (नोकर नव्हे तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून पैसे दिल्याचा फॉर्म), चेहऱ्यावर ‘आता किती परत मिळणार?’. त्याने हिशेब केला तर परत मिळायचं सोडाच, देणं निघालं. कारण स्वतंत्र व्यवसाय म्हटला की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांचे मिळून १५.३ टक्के स्वतःच भरावे लागतात. कागदावर तिच्या मालकाने तिला ‘व्यावसायिक’ केलं होतं, तिला त्याचा पत्ताही नव्हता. बाई गप्प झाली. पोरगाही गप्प झाला. मी पलीकडच्या टेबलावर होते, उठणार तेवढ्यात त्याने विचारलं, ‘एका घराहून दुसऱ्या घरी कशा जाता?’ स्वतःच्या गाडीने. ‘कुठल्या दिवशी कुठे गेलात हे लिहून ठेवलंय का?’

बाईने पर्समधून एक लहानशी वही काढली. पैसे बुडवणाऱ्यांची नोंद राहावी म्हणून तिने प्रत्येक तारखेला घरांचे पत्ते लिहिले होते. पुढचा दीड तास तो पोरगा फोनवर नकाशा उघडून एकेका पत्त्यामधलं अंतर लिहीत बसला. व्यवसायासाठी गाडी चालवली की उत्पन्नातून तेवढी वजावट मिळते, २०२४ सालासाठी मैलाला ६७ सेंट. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मिस, घरापासून पहिल्या पत्त्यापर्यंतचे मैल धरायचे नाहीत ना?’ नाही धरायचे, तो आपला कामावर जाण्याचा रोजचा प्रवास. वर्गात मी हे दोनदा शिकवलं होतं आणि चाचणीत त्याने तोच प्रश्न चुकवला होता. आता जन्मात चुकवणार नाही.

देणं निम्म्यावर आलं. शून्यावर नाही आलं, आणि ते बाईला सांगायचं कामही त्यालाच करावं लागलं. नंतरच्या आठवड्यात त्याने जे पानभर लिहून दिलं त्यात साफसफाईचा मालक तिला कर्मचारी का मानत नाही, याबद्दल चार प्रश्न होते. त्यातल्या दोनांची उत्तरं मला शोधावी लागली.

हे साध्य झालं कारण ते वर्गाचा भाग होतं. त्याचे क्रेडिट होते, शनिवारचे तास अभ्यासक्रमाच्या वेळातच धरलेले होते. एका टेस्टऐवजी हे काम होतं, वरून लादलेला बोजा नव्हता. आणि ते वर्गातल्या सगळ्यांना होतं. कोण शिष्यवृत्तीवर आहे हे त्या खोलीत कुणाला कळायचं कारण नव्हतं.

आता दुसरी विद्यार्थिनी. सव्वीस वर्षांची, एक लहान मुलगी पदरात, रात्री वेअरहाउस, सकाळी माझा आठचा वर्ग. तिला एका बाहेरच्या संस्थेची शिष्यवृत्ती होती, सेमिस्टरला चाळीस तासांची अट. ती तास कुठे करायची? एका जुन्या कपड्यांच्या दुकानात हँगरला शर्ट लावत. दर शनिवारी चार तास, आणि त्या चार तासांसाठी मुलीला सांभाळायला शेजारणीला पैसे. ऑक्टोबरच्या शेवटी ती माझ्या ऑफिसात आली. हातात तासांचा तक्ता, प्रत्येक ओळीपुढे दुकानाच्या मॅनेजरची सही. दोन सह्या राहिल्या होत्या कारण मॅनेजर बदलला होता आणि नवा म्हणत होता, मी पाहिलंच नाही तर सही कशी करू. त्या सह्यांच्या मागे दोनदा गेली, तोवर माझी मिडटर्म बुडाली. मग एक विषय सोडला. बाराचे नऊ क्रेडिट झाले. शिष्यवृत्तीला पूर्णवेळ, म्हणजे बारा क्रेडिट हवेत. शिष्यवृत्ती गेली. चाळीस तास मात्र पुरे झाले होते, तो तक्ता माझ्याकडे अजून आहे.

तिला मी शिफारसपत्रात ‘समाजसेवेची आवड’ असं लिहू शकले असते. ती मला म्हणाली, ‘मिस, माझ्या भावाला ड्रायव्हिंगच्या केसमध्ये जजने पन्नास तास दिले होते. मी काय केलं होतं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या देशात ‘कम्युनिटी सर्व्हिस’ ही शिक्षाही असते, आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना हा शब्द आधी तिथून माहीत होतो.

टेनेसीचं उदाहरण समितीतल्या एकांनी मला फोनवर दिलं. तिथे २०१४ च्या कायद्याने आलेली टेनेसी प्रॉमिस योजना आहे, कम्युनिटी कॉलेजची फी राज्य भरतं आणि विद्यार्थ्याने प्रत्येक सेमिस्टरला समाजसेवा करायची. बरोबर. पण किती? आठ तास. आणि वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी त्याच राज्याची टेनेसी रीकनेक्ट नावाची वेगळी योजना आहे, तिला तासांची अटच नाही. आपल्या न्यू जर्सीतली कम्युनिटी कॉलेज अपॉर्च्युनिटी ग्रँट ६५ हजार डॉलरच्या आतल्या घरातल्या मुलांची फी भरते, तीही तास मागत नाही. कम्युनिटी कॉलेजातले साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी पार्ट-टाइम शिकतात. बाकीचा वेळ ते झोपा काढत नाहीत.

सक्तीने सवय लागते, असंही एकजण म्हणाले. लागते काहींना. स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये सक्तीच्या सेवेवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना आपल्यावर हे लादलंय असं वाटतं, त्यांची पुढे आपणहून सेवा करण्याची इच्छा सक्तीमुळे कमीच होऊ शकते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे एनएसएस केलेल्यांनी आठवून पाहावं. वर्षाचे १२० तास, गावातलं सात दिवसांचं शिबिर. मला त्या शिबिराने बरंच दिलं. पण आमच्या युनिटात दहा गुणांसाठी नाव घातलेलेही होते, आणि रस्ता खणताना कुदळ कोणाच्या हातात आणि फोटो कोणाचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग काय करावं? पाचवी अट सरळ काढून टाका, ही माझी पहिली पसंती. गरज आहे, शिकतोय, पैसे द्या. फारच वाटलं तर तीच अट गुणवत्ता पुरस्कारालाही लावा आणि मग समितीच्या पुढच्या बैठकीत किती हात वर राहतात ते बघा. आणि देणगीदारांना खरोखर सर्व्हिस लर्निंग हवं असेल, तर दहांतल्या दोन शिष्यवृत्त्यांचे पैसे वेगळे काढून कॉलेजला द्या. जे विद्यार्थी अशा कामाचा विषय घेतील त्यांना त्या निधीतून शनिवारच्या तासाचा पगार मिळू दे, बसचं भाडं मिळू दे, लहान मूल असेल तर सांभाळायचा खर्च मिळू दे. मग कुणी म्हणणार नाही की मराठी मंडळाने पैसे देऊन राबवून घेतलं. रक्कम परत घेण्याचं वाक्य तर कुठल्याही परिस्थितीत नको. फेब्रुवारीत फीमध्ये गेलेले हजार डॉलर मे महिन्यात कुणाकडे असतात?

व्हिटाचं आमचं केंद्र जानेवारीच्या शेवटी उघडतं, शनिवारी सकाळी नऊला. समितीने आणि ज्या देणगीदारांना अट हवी आहे त्यांनी निदान एक शनिवार यावं असं आमंत्रण देते. रिटर्न भरायचे असतील तर आधी परीक्षा द्यावी लागेल, ८० टक्के लागतात. नाही जमली तर दाराशी बसून नावं लिहून घ्यायचं काम आहे, त्यालाही आचारसंहितेची एक छोटी चाचणी आहेच, पण ती सोपी आहे. पार्किंग इमारतीच्या मागे. चहाचा थर्मास आपापला आणा.

आपली,
मंडळाची आजीव सभासद आणि कम्युनिटी कॉलेजातली एक शिक्षिका